कात्रीमावशीची पाटी

कात्रीमावशीचं दुकान म्हणजे अर्धं दुकान. उरलेलं अर्धं तिच्या नवऱ्याचं. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला केस कापायची खुर्ची, उजव्या हाताला शिवणाचं मशीन आणि मधे जमिनीवर रंगानं ओढलेली पांढरी रेघ. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. एका गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या कोटाच्या अस्तरात कुणाचे तरी केस शिवले गेले, आणि त्याच संध्याकाळी नवऱ्यानं ब्रश आणून ती रेघ मारली. तेव्हापासून केस रेघेच्या अलीकडे, चिंध्या पलीकडे, असा तह झाला. एकमेकांच्या कात्रीला हात लावायचा नाही, हे त्यातलं सगळ्यात कडक कलम. केस कापलेली कात्री लागली की कापड रडतं, असं नवऱ्याचं म्हणणं. त्यावर मावशीचं उत्तर ठरलेलं होतं, की कापडाचं तुम्ही बघा, माझ्या खुर्चीत मूल रडत नाही.

आणि ही नुसती फुशारकी नव्हती. आसपासच्या गल्ल्यांतली जी पोरं कात्री बघून घर डोक्यावर घ्यायची, बापाला ओरबाडायची, केस कापायच्या दिवशी हटकून पोटदुखी काढायची, ती मावशीच्या खुर्चीवरच्या आडव्या फळीवर गपगार बसायची. ही विद्या बापाची. बापाचं केस कापायचं दुकान होतं आणि मुलीचा हात त्यानं ती एवढीशी असतानाच ओळखला होता. त्याचा नियम एकच: मुलाला कळायच्या आत सुरुवात झाली पाहिजे आणि रडायचं आठवायच्या आत काम संपलं पाहिजे. त्यासाठी खुर्ची आरशाकडे पाठ करून फिरवायची, म्हणजे कात्री दिसत नाही. समोर काहीतरी हलतंडुलतं ठेवायचं. मावशीनं माशांची काचेची पेटी ठेवली होती. मग तोंडाचा पट्टा सुरू करायचा, आणि मूल माशांत गुंतलं की मागून, मानेपासून, हलकेच पहिली कात्री. पोराला काय झालं ते समजेपर्यंत अर्धं डोकं झालेलं असायचं.

या हातखंड्याचा मावशीला इतका अभिमान, की तिनं रंगाऱ्याकडून पाटीच करून घेतली होती. दाराच्या वर, रस्त्यावरून दिसेल अशी. ‘इथे मूल रडत नाही.’ नवरा म्हणे, बरोबर आहे, इथे मोठी माणसं रडतात, आरशात बघून. मावशी नाक मुरडायची, पण पाटी रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायची. उंच, थोराड, मोठ्या आवाजाची बाई. नाकावर माशी बसू द्यायची नाही. पण मूल समोर आलं की तोच आवाज असा मऊ व्हायचा, की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा आत येऊन बसायचं.

अशा या दुकानात एके दिवशी दुपारी एक बाई आठेक वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी तिची भाची. डोक्याला रुमाल घट्ट गुंडाळलेला, अंगावर मापापेक्षा मोठा झगा, आणि नजर सारखी दाराकडे. आत्यानं डोळ्यांनीच खूण केली, मासे बघायला आणलंय म्हणून. मावशीनं खूण उचलली. अशी कटकारस्थानं ती रोजच करायची. मुलीला फळीवर बसवलं, खुर्ची माशांकडे फिरवली आणि लाल मासा काळ्या माशावर का रुसला याची गोष्ट काढली. मुलगी बघत होती. मावशीनं गोष्टीच्या ऐन रंगात मागून रुमालाची गाठ सोडली आणि मानेवर हात ठेवला.

मुलगी रडली नाही. ओरडली नाही. हललीही नाही. मावशीनं कौतुकानं आत्याकडे पाहिलं आणि म्हणाली, किती शहाणी पोर आहे तुमची. रुमालाखालचं मात्र बघवत नव्हतं. केसांचा लगदा झाला होता, त्यातून एक वेणी कशीबशी खाली लोंबत होती, कानामागे फोड आले होते आणि उवा तर विचारूच नका. मावशीनं लगद्याच्या मुळाशी बोट घातलं आणि तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. ती मान मुलाची नव्हतीच. लाकडाची होती. घामानं गार पडलेली. श्वास तर लागतच नव्हता. मावशी पुढे येऊन बघते तो मुलीचे डोळे माशांवर होते आणि मासे मात्र तिला दिसत नव्हते. फळीवरून पाण्याची धार खाली लागली होती आणि पोरीला त्याचा पत्ताही नव्हता.

बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. मावशीनं काय केलं, तर केस भिजवायचं तांब्याभर पाणी घेतलं आणि आपल्याच हातानं खुर्चीखाली ओतून दिलं. वर मोठ्यानं स्वतःला चार शब्द सुनावले, की काय मेलं हाताला झालंय आज, पोरीचा झगासुद्धा भिजवला. फडकं आणलं, पुसून काढलं, नवऱ्याच्या कपाटातली एक जुनी चादर ओढून मुलीच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतः चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. नवऱ्यानं कपाटाचं दार लावून घेतलं आणि मशीन चालू ठेवलं. त्याला सगळं दिसलं होतं. गिऱ्हाइकांना काही दिसलं नाही, आणि त्या मुलीची लाज राहिली, एवढं मावशीला त्या दिवशी साधलं. बाकी सगळं चुकलं होतं, हे तिला कळत होतं, पण काय चुकलं ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत्या धुतलेली चादर परत द्यायला एकटीच आली आणि बाकावर बसल्या बसल्या तिचा बांध फुटला. मुलगी आईबरोबर ज्या इमारतीत राहायची तिचा मागचा भाग पहाटे खचला होता. बाप दूर नोकरीला. मायलेकी ढिगाऱ्याखाली एकमेकींचा हात धरून पडलेल्या. बराच वेळ आई बोलत होती. मग मागच्या बाजूनं कुणीतरी भोक पाडलं, हात आत घातला, मुलीची मान आणि केस हाताला लागले आणि त्या भल्या माणसानं होता नव्हता तो जोर लावून तिला बाहेर ओढलं. तिचा जीव वाचला. आईचा हात सुटला. उरलेला भाग लगेचच खाली आला.

तेव्हापासून ती जेवायची, झोपायची, विचारलं तर मान हलवायची. रडली मात्र एकदाही नव्हती. शेजारी म्हणायचे, पोर किती समजूतदार आहे. केसांना हात लावला की दगड व्हायची, नाहीतर चावायची. दवाखान्यातल्या एका नर्सला तर कडकडून चावली होती. आता फोड चिघळायला लागले होते. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की सोमवारपर्यंत केस निघाले नाहीत तर सुई देऊन, झोपवून, सगळं डोकं भादरावं लागेल. डॉक्टर दुष्ट नव्हते. जखमा थांबणाऱ्या नव्हत्या.

“झोपवून कापतील हो मावशी,” आत्या म्हणाली. “आणि ती जागी होईल तेव्हा परत काहीतरी गेलेलं असेल. ती वेणी तिच्या आईनं घातलेली आहे.”

कात्रीमावशीनं चादर मांडीवर घेतली आणि समोरच्या खुर्चीकडे बघितलं. कळायच्या आत संपवायचं, हा तिच्या बापाचा नियम. दुकानातला सगळ्यात मायेचा नियम. आणि या पोरीच्या बाबतीत नेमकं तेच एकदा होऊन गेलं होतं. मागून हात आला, कळायच्या आत सगळं संपलं. मावशीनं तिला परत त्याच भोकाच्या तोंडाशी बसवलं होतं, वर शहाणी म्हणून शाबासकीही दिली होती. इतक्या वर्षांत आपल्या खुर्चीत गपगार बसून गेलेली कितीतरी पोरं तिच्या डोळ्यांसमोरून सरकली. त्यातली किती माशांत रमली होती आणि किती घाबरून गप्प होती, हे आता कुणाला विचारणार?

मुलांच्या मनाचं बघणारी एक डॉक्टर मुलीला तपासत होती. तिनं आत्याला सांगून ठेवलं होतं की केस कापणाऱ्या बाईंना एकदा भेटायला आवडेल. मावशी गेली, पण फुरंगटूनच गेली. वाटलं, ही आता शिकवणार आपल्याला. डॉक्टरबाईंनी मात्र आधी तिलाच विचारलं, की हाताला काय लागलं ते सांगा. मावशीनं लाकडासारखी मान सांगितली, गार घाम सांगितला, न दिसणारे मासे सांगितले. डॉक्टरबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, आम्ही हेच शोधत असतो. मूल आरडाओरडा करतं तेव्हा निदान त्याला कुणी ऐकेल अशी आशा असते. जे थिजून जातं, त्याला आपण शहाणं म्हणतो आणि पुढे जातो. या मुलीला त्या वेळी जुनं काही आठवत नसतं, बाई. ते तिच्यासाठी आत्ता घडत असतं.

पुढचं बोलणं कामाचं होतं. मागून हात लावायचा नाही. काय करणार ते आधी सांगायचं, मग विचारायचं, मग करायचं. दार दिसेल असं बसवायचं. फसवून आणायचं नाही. ती थांब म्हणाली की थांबायचं. “आणि खरंच थांबायचं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “अजून जरासंच, असं म्हणायचं नाही. तिच्या बोलण्यानं काहीतरी थांबतं, हे तिला कळायला हवं. सोमवारच्या आत होईलच असं मी सांगू शकत नाही. पण करून बघू.” मावशीला ती बाई आवडली. आपल्यासारखीच आहे, हिच्याही हाताखालून पोरंच जातात, असं तिनं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. डॉक्टरला मिळालेलं हे मोठंच प्रशस्तिपत्र होतं.

त्याच दिवशी तिनं खुर्ची फिरवली. तोंड आरशाकडे, आणि आरशात दार. मासे मागे गेले आणि रागावल्यासारखे तळाशी जाऊन बसले.

दुसऱ्या खेपेला आत्यानं मुलीला रस्त्यातच सांगितलं होतं, की मासे नाही, कात्रीवाल्या मावशीकडे चाललोय, आज ती कापणार नाहीये. मुलगी आली आणि खुर्चीत न बसता नवऱ्याच्या बाजूला, काज करायच्या स्टुलावर बसली. मावशी जमिनीवर बसली. एवढी थोराड बाई, खाली बसताना तिचे गुडघे कुरकुरले ते बाहेरच्या कुत्र्यालाही ऐकू गेलं असेल. तिनं कात्री मुलीच्या पुढ्यात ठेवली, कंगवा ठेवला, आपले दोन्ही हात उपडे करून ठेवले आणि म्हणाली, ही माझी हत्यारं, बघून घे. मुलीनं कात्री उचलली. उघडमीट केली. मग कितीतरी वेळानं बोटानं मावशीच्या डोक्याकडे दाखवलं.

म्हणजे काय, हे समजायला मावशीला क्षणभर वेळ लागला. मग तिनं अंबाडा सोडला, पाठ फिरवली आणि बसली. मुलगी मागे आली. आता मजा अशी, की मावशीनं जन्मभर दुसऱ्यांच्या मानेला हात लावला, पण तिच्या मानेला बाप गेल्यापासून कुणी लावला नव्हता. मागे कात्री घेतलेलं माणूस उभं आहे आणि आपल्याला दिसत काही नाही, हे काय असतं ते तिच्या अंगावर सर्रकन काटा येऊन कळलं. तिनं डोळे मिटले नाहीत. मिटवले गेलेच नाहीत. मग मागून अगदी बारीक आवाज आला.

“कापू?”

मावशी म्हणाली, काप. कचकन आवाज झाला आणि कानाच्या वर चांगलं वाटीएवढं भगदाड पडलं. नवऱ्यानं मशीनवरून मान वर केली, बघितलं आणि हसू आवरायला तोंडात मापाचा टेप धरला. मावशी पुढे कितीतरी दिवस ते भगदाड मिरवत फिरली. कुणी विचारलं तर सांगायची, नवीन कारागीर ठेवलीय, हात अजून बसायचाय.

मग रोजचं येणं सुरू झालं. मुलगी खुर्चीत बसू लागली. मावशी आरशात तिच्या डोळ्यांकडे बघून सांगायची: आता उजवा हात वर येतोय, आता कंगवा टोकाला लागणार, चालेल? मुलगी मान हलवायची. मग कंगवा लागला न लागला तोच म्हणायची, थांब. मावशी थांबायची. परत विचारायची. परत थांब. बाकावरची गिऱ्हाइकं घड्याळं बघायची, एक तर तणतणत उठून गेलं. मावशी कंगवा हवेत धरून उभी. एरवी कुणी तिच्या हातातलं काम असं अडवलं असतं तर तिनं त्याची बोलतीच बंद केली असती. पण ही पोर कंगव्याची परीक्षा घेत नव्हती, शब्दाची घेत होती, हे तिला उमगलं होतं. शब्द खरा निघतो का ते बघत होती. तो निघत होता, म्हणून हळूहळू ‘थांब’मधलं अंतर वाढत गेलं. कडेच्या चार-दोन गाठी सुटल्या. शनिवार आला.

आणि शनिवारी मावशीनं घात केला. कानामागची एक गाठ होती, फोडाच्या अगदी वर. ती सुटली की तिथे औषध लागलं असतं. अर्धी कापून झाली होती. कात्री मिटत होती, तेवढ्यात मुलगी थांब म्हणाली. मावशीला ऐकू आलं. पण हाताला इतक्या वर्षांची सवय, आणि सोमवार डोक्यावर. तोंडातून निघून गेलं, “एवढंच, झालंच.” आणि कात्री मिटली.

गाठ खाली पडली. आरशातले डोळे विझले. तीच मान, तोच गार घाम.

मावशीनं कात्री जमिनीवर ठेवली आणि पायानं लांब ढकलली. मागे सरली, मुलीला दिसेल अशी भिंतीपाशी उभी राहिली. म्हणाली, “तू थांब म्हणालीस आणि मी थांबले नाही. मला ऐकू आलं होतं. चूक माझी आहे, तुझी नाही.” एवढंच. मुलगी बऱ्याच वेळानं खुर्चीतून उतरली, आत्याचा हात न धरता दाराबाहेर गेली आणि मागे वळून बघितलं नाही.

दुकान बंद करायची वेळ झाली तरी मावशी खुर्चीतच बसून होती. तिला स्वतःचा संताप आला होता. एका शब्दासाठी घोडं अडलं होतं, आणि तोच शब्द तिनं मोडला होता. उद्याचा रविवार, मग सोमवार, मग सुई. नवरा एरवी अशा वेळी हमखास टोमणा मारायचा. आज त्यानं मशीनवर कव्हर घातलं आणि आपला आरसा पुसत बसला. कोट-झग्याची ट्रायल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला पुढचं-मागचं सगळं दिसावं म्हणून ठेवलेला तो तीन पाखांचा आरसा. त्याचा लाडका. त्याला कुणाचं बोट लागलेलंही त्याला खपत नसे.

“ती मधूनमधून मान वळवून याच्यात बघते,” तो म्हणाला. “तुझ्या आरशात समोरचं दिसतं. मागचं तुझं सांगणं ऐकून मानावं लागतं.”

मग त्यानं आरसा दोन्ही हातांनी धरला आणि फरपटत पांढऱ्या रेघेच्या अलीकडे आणला. इतक्या वर्षांत त्यानं आपल्या बाजूची कुठलीही वस्तू आपण होऊन ती रेघ ओलांडून आणली नव्हती. मावशीनं बघितलं आणि उठून आरशाची दुसरी बाजू धरली. असल्या गोष्टींवर बोलायची त्यांच्यात पद्धत नव्हती. दोघांनी मिळून पाखं अशी लावली, की खुर्चीत बसणाऱ्याला आपली मान, तिच्यामागचे हात आणि हातांमागचं दार, सगळं एकदम दिसावं.

रविवारी मुलगी येईल याची कुणालाच खात्री नव्हती. ती आली. आत्यानं दबक्या आवाजात सांगितलं, की सकाळी मी काही बोललेच नाही, तिनंच चपला घातल्या आणि दारात उभी राहिली. मावशीचा जीव भांड्यात पडला, पण तिनं ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. मुलगी खुर्चीत बसली. तिला तो आरसा दिसला. तिनं डाव्या पाखात बघितलं, उजव्या पाखात बघितलं, मान वळवून आपलीच मागची बाजू न्याहाळली. हळूच हात मागे नेऊन वेणीला लावला, आणि आरशातल्या हातानंही लावला, हे खात्रीनं बघून घेतलं.

“ही आईनं घातलीये,” ती म्हणाली.

“हो,” मावशी म्हणाली. “ती मोडायची नाही. अख्खी ठेवायची. वरून कुठून कापायची ते तू सांग, आणि खाली तू धर. माझा हात वेणीला लागणार नाही, फक्त कात्री लागेल. आज नको म्हणालीस तर आज नाही.”

सोमवारचं तिनं नाव काढलं नाही. काढलं असतं तर काम झटपट झालं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुकानात चिटपाखरूही नव्हतं म्हणावं, तर बाहेर ओट्यावर एक बाप आपल्या लहानग्याला घेऊन नंबर लावून बसला होता. नवऱ्यानं मशीन थांबवलं. मुलीनं वेणी पुढे, खांद्यावरून छातीवर घेतली. दोन्ही मुठींत घट्ट धरली. मावशीनं कात्री उघडली आणि आरशात दिसेल अशी लगद्याच्या वर धरून ठेवली. तिचा दंड भरून आला. तरी तिनं हात खाली घेतला नाही. मासा नाही, गोष्ट नाही, शाबास नाही. जन्मात पहिल्यांदा ती मुलासमोर इतका वेळ गप्प राहिली असेल.

मुलीनं तिन्ही पाखांत एकदा बघितलं.

“आता,” ती म्हणाली.

कात्री मिटली. लगदा दाट होता, एका झटक्यात निघणारा नव्हता. मावशी थांबली, आरशात बघितलं. मुलगी म्हणाली, आता. परत कात्री. परत थांबणं. आता. आणि शेवटचे केस तुटले तेव्हा वेणी खाली पडली नाही. ती मुलीच्या दोन्ही मुठींत होती. यावेळी ओढून कुणी काही नेलं नव्हतं. जे धरलं होतं ते हातातच राहिलं होतं.

मुलीनं मुठींकडे बघितलं. मग तिच्या पोटातून कुठूनतरी आवाज आला. आधी उचकीसारखा, आणि मग ती रडायला लागली. साधंसुधं नव्हे. घसा फाडून, पाय आपटून, आईला हाका मारत, आजवर साठवलेलं सगळं एकदम. आत्या धावली, तिला मावशीनं हातानंच सबुरीनं घे म्हटलं. मावशी खुर्चीच्या पुढे आली, जमिनीवर बसली आणि म्हणाली, मी इथे आहे, जवळ यायचं असेल तर ये. मुलगी फळीवरून जवळजवळ कोसळलीच. तिच्या गळ्यात पडली, उवा-फोडांसकट, आणि रडत राहिली. मावशीनं तिला गप्प केलं नाही. पाठीवर हात ठेवू का, असं विचारलं, मान हलली तेव्हा ठेवला. मावशीचेही डोळे वाहत होते आणि ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.

बाहेरच्या बापानं दारातून डोकावलं. वरची पाटी वाचली, आतला आकांत ऐकला, परत पाटी वाचली. त्याचा लहानगा त्याच्या पायाला बिलगला होता. बाप जरा कुरकुरत म्हणाला, “अहो मावशी, इथे मूल रडत नाही ना?”

“रडतं,” मावशी मुलीच्या डोक्यावरून म्हणाली. “रडलं तर रडू देतो आम्ही. बसायचं असेल तर बसा.”

सोमवारी दवाखान्यात फक्त मलम लावलं. सुई लागली नाही. पाटी त्याआधीच, रविवारी संध्याकाळीच खाली आली. नवऱ्यानं स्टुलावर चढून खिळे काढले आणि आता हिचं काय करू म्हणून विचारलं. मावशी म्हणाली, तुम्हाला काय हवं ते करा. पाटीची मागची बाजू चांगली गुळगुळीत निघाली. तो आता तिच्यावर बाह्यांना इस्त्री करतो.

खुर्ची आरशाकडे तोंड करूनच राहिली. तीन पाखांचा आरसा रेघेवर, बरोब्बर मधोमध. ज्याला हवा त्यानं आपल्या बाजूला फिरवायचा, असा नवा तह झाला. आता मावशीच्या दुकानात मुलं इतर दुकानांत रडतात तशीच रडतात. काही आया नाराज होऊन दुसरीकडे गेल्या. काम सावकाश होतं. कारण मावशी आता सगळ्यांनाच आधी सांगते, मग विचारते. आणि एखादं मूल फार शहाण्यासारखं, फार गप्प बसलं, की तिचा हात थांबतो. ती पुढे येते, खाली बसते, त्याच्या डोळ्यांत बघते, आणि काही वावगं वाटलं तर आईबापांना बाजूला घेऊन डॉक्टरबाईंचा पत्ता देते.

ती मुलगी अजून येते. केस आता खांद्यापर्यंत वाढलेत. नवऱ्यानं कोटाच्या उरलेल्या रेशमी अस्तराची एक लांबट पिशवी शिवून दिली, तिच्यात वेणी असते. मुलगी खुर्चीत बसते, पिशवी मांडीवर ठेवते, आरशात मावशीचे हात शोधते. मावशी कात्री खाली धरून वाट बघते.

“आता,” मुलगी म्हणते.